एकोणनव्वद, नवासी, उन्नब्बे

॥ श्री ॥

द्वारका, नवी दिल्ली
मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी, शके १९४७
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

ज्याने अक्षराला अर्थ दिला आणि अंकाला स्थान, त्या मंगलमूर्तीची कृपा या पत्रावर असो. आज अक्षरांकडून अंकांचे एक काम करून घ्यायचे आहे. दोन्ही त्याच्याच दारची लेकरे, तेव्हा तो नाही म्हणणार नाही, असा माझा विश्वास आहे.

चि. कुमुदिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

येथे सर्व कुशल. नीरजचे ऑफिस आणि तेजश्रीचा खोकला ही दोन्ही नेहमीप्रमाणे चालू आहेत. हवा अशी झाली आहे की सकाळी गॅलरीतून समोरचा टॉवरसुद्धा दिसत नाही. सूर्याला अर्घ्य देते ते तो तेथे असणारच या श्रद्धेवर. माझी प्रकृती उत्तम आहे. एक्क्याऐंशीव्या वर्षी गुडघे कुरकुरतात, पण त्यांचे म्हणणे मी ऐकून घेते आणि माझेच करते.

परवा रविवारी रेवती जेवायला आली होती. डेंग्यूने पोर निम्मी झाली आहे. आजारपणात मी रोज फोन करत होते तेव्हा ती म्हणायची, "काळजी करू नका मोठी आजी, मैत्रीण आहे सोबत." ती मैत्रीण म्हणजे तिची सत्त्याहत्तर वर्षांची आजी निघाली! तू दिवाळीपासून करोल बागेत तिच्या खोलीवर आहेस आणि शनिवारच्या गाडीने सांगलीला परतणार आहेस, हे मला रविवारी कळले. म्हणजे सव्वा महिना आपण दोघी एकाच निळ्या मेट्रोच्या दोन स्टेशनांशी राहत आहोत, आणि तू मला कळवले नाहीस.

मी रागावलेले नाही. का कळवले नाहीस तेही आता मला ठाऊक आहे. शनिवारपूर्वी ते तुझ्यासमोर मांडायचे आणि तुला परत मिळवायचे, एवढाच या पत्राचा हेतू. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा जुना मार्ग.

परंतु मी संस्कृतची आणि तू गणिताची. सरळ विषयाला हात घातला तर "अक्काचे कीर्तन सुरू झाले" म्हणून तू पत्राची घडी करशील. म्हणून प्रथम तुझ्या प्रांतातून येते. विषय आहे एक संख्या: एकोणनव्वद.

भुवया चढवू नकोस. पुढे वाच.

तुला आठवते, नाना आपल्याला छंद शिकवायचे? लघू अक्षराला एक टाळी, गुरू अक्षराला एक टाळी आणि एक विराम. एका संध्याकाळी त्यांनी विचारले, "दहा मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येईल?" मी तत्काळ टाळ्या वाजवत एकेक रचना म्हणू लागले. तुझे दुधाचे दात पडत होते त्या काळात तू, फ्रॉकच्या खिशात चिंचोके घेऊन, भिंतीला टेकून उभी होतीस. म्हणालीस, "अक्का, म्हणत कशाला बसतेस? शेवटचे अक्षर लघू असले तर आधीच्या नऊ मात्रा भरायच्या. गुरू असले तर आधीच्या आठ. नऊचे जितके प्रकार आणि आठचे जितके प्रकार, त्यांची बेरीज कर." नऊचे पंचावन्न, आठचे चौतीस. एकोणनव्वद. नाना तुझ्याकडे वळून म्हणाले, "छंदःशास्त्राच्या आचार्यांनी हेच सांगून ठेवले आहे, पोरी. तुला कोणी सांगितले?" तू म्हणालीस, "कोणी कशाला सांगायला हवे?" त्या दिवशी मला तुझा मनस्वी हेवा वाटला. पुढे पश्चिमेकडे या संख्यामालेला एका विदेशी विद्वानाचे नाव दिले आहे असे कळले तेव्हा सर्वांत जास्त संताप मलाच आला. शोध शास्त्राचा, आणि आमच्या घरात तर कुमूचा!

रेवतीने यूपीएससीला ऐच्छिक विषय गणित घेतला आहे, त्यामुळे आता ती मला शिकवते. रविवारी जेवताना मी या संख्येचे नाव काढले, तर ताटातला हात तसाच ठेवून डाव्या हाताने तिने कागदावर मांडून दाखवले. तुला हे पाठ असेल, पण मला नवीन मिळालेले धन मिरवू दे. एकोणनव्वद ही मूळ संख्या, एकाखेरीज आणि स्वतःखेरीज कोणाच्याही वाट्याला न जाणारी. तिच्यातला आठ एकदा घ्यावा आणि नवाचा वर्ग करावा, आठ अधिक एक्क्याऐंशी, की तीच परत मिळते. म्हणजे जिचे अवयवच तिची व्याख्या सांगतात. आणि एकाला एकोणनव्वदने भागले तर दशांशचिन्हानंतर शून्य, एक, एक, दोन, तीन, पाच असे अंक येऊ लागतात. आपल्या टाळ्यांचीच ती माला! एका मात्रेचा एक प्रकार, दोनचे दोन, तीनचे तीन, चारचे पाच. पुढचा आठ मात्र लिहिताना नऊ होतो, कारण मागून येणाऱ्या तेराचा एक हातचा त्याच्यावर चढतो. जिने दहा मात्रांचे सगळे छंद पोटात घेतले आहेत, तिने एकाला भागताच सगळी वंशावळ बाहेर यावी, हे पाहून मी नमस्कार केला. रेवती हसली. म्हणाली, "मोठी आजी, भागाकाराला नमस्कार?" मी म्हटले, "पुण्याईने मिळालेल्या भागाकाराला करावा."

आता माझ्या प्रांतातले ऐक, कारण गोष्टीचे मूळ तेथे आहे.

संस्कृतात या संख्येला दोन नावे आहेत. एक 'एकोननवति', नव्वदाला एक उणे. दुसरे 'नवाशीति', ऐंशीवर नऊ. एकाच मातेच्या पोटी जन्मलेल्या दोन भाषांनी वाटणी केली. मराठीने पहिले नाव घेतले आणि एकोणनव्वद केले. हिंदीने दुसरे घेतले आणि नवासी केले. एकीची नजर वरच्या नव्वदाकडे, काय कमी पडले ते पाहणारी. दुसरीची नजर खालच्या ऐंशीकडे, काय जमले ते मोजणारी. संख्या तीच.

याच्या आधी मात्र या बहिणींचे कोठेही वाजलेले नाही. एकोणीस तर उन्नीस, एकोणतीस तर उनतीस, एकोणसाठ तर उनसठ, थेट एकोणऐंशी तर उन्नासी. जेथे आपले 'एकोण' तेथे त्यांचे 'उन'. नियम असा सुरेख चालत येतो की कोणीही डोळे मिटून पुढचे पाऊल टाकावे. आणि नेमके तेथेच जिन्याची एक पायरी नाही.

आता तुझ्या ध्यानात येऊ लागले असेल. नसेल तर मी सांगते, आणि ज्या क्रमाने मला कळले त्या क्रमाने सांगते.

आमच्या सोसायटीत, पलीकडच्या टॉवरमध्ये, कौशल्याजी नावाच्या एक पंजाबी बाई राहतात. माझ्याच वयाच्या, एकट्या, आवाज खणखणीत. रविवारी सकाळी मंदिराबाहेरच्या बाकावर आम्ही उन्हाची वाट पाहत बसलो होतो. लुधियान्याहून त्यांचा धाकटा भाऊ येणार, त्याचा आनंद चालला होता.

"चार भाई हैं मेरे, बहनजी," त्या म्हणाल्या. "चारों एक से एक निकम्मे. बहन एक भी नहीं दी रब ने. और सुनो! पिछली सर्दियों में गार्ड का फोन आया, मैडम, आपकी बहन आई है. मैंने कहा, अरे भले आदमी, मेरी माँ को गुज़रे तीस साल हो गए, अब बहन कहाँ से आएगी?"

बाकावरच्या सगळ्या हसल्या. मीही हसले. मग हसता हसता थांबले. मागच्या माघात तू येते म्हणून कळवले होतेस आणि आली नव्हतीस.

"फिर?" मी विचारले.

"फिर क्या! मैंने कहा, मेरी कोई बहन-वहन नहीं है, भेज दो वापस. आजकल ठगों का क्या भरोसा."

"आपका फ्लॅट नंबर क्या है, कौशल्याजी?"

"उन्नासी."

मी उठले आणि फाटकाकडे गेले. गुडघ्यांना विचारलेसुद्धा नाही. तेथे संग्राम म्हणून गार्ड आहे, जुना, सालस माणूस. त्याला विचारले, मागच्या हिवाळ्यात नऊवारी नाही, सहावारीच, पण कपाळावर बुक्का-कुंकू काही नसलेल्या, हातात काळी पर्स धरलेल्या एक बाई रिक्षाने आल्या होत्या का?

त्याला लख्ख आठवत होते. का आठवत होते तेही त्याने सांगितले, आणि सांगताना त्याला हसू आवरेना.

"हाँ माताजी! उन्होंने बोला, भैया, उन्नब्बे नंबर जाना है. मैंने कहा, उन्नब्बे? ऐसा तो कोई नंबर होता नहीं. उन्नासी? तो बोलीं, हाँ हाँ, वही. हिंदी आती है हमको, परीक्षा दी है. मैंने नाम पूछा, किससे मिलना है. बोलीं, नाम क्या करोगे, बोलो बहन आई है, बस."

कुमू, मी त्याला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला.

उन्नब्बे! राष्ट्रभाषेच्या परीक्षांत जिल्ह्यात पहिली आलेली माझी बहीण! तू नियम पाहिलास, सात ठिकाणी तो खरा उतरलेला पाहिलास आणि आठव्या ठिकाणी न तपासता लावलास. तुझ्या वर्गातल्या कोणी पोराने असे केले असते तर तू त्याला बाकावर उभे केले असतेस. "उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे" हे वाक्य फळ्यावर कोण लिहून ठेवायचे? मी नव्हे.

हे वाचून तुझे नाक लाल झाले असणार. होऊ दे. मी तुला दोष देत नाही. दोष द्यायचाच तर त्या दोन भाषांना द्यावा लागेल, आणि त्या दोघी मला सारख्याच पूज्य आहेत. शिवाय माझ्या फ्लॅटचा नंबर फोनवर मी तुला 'एकोणनव्वद' एवढाच सांगितला होता. पन्नास वर्षे दिल्लीत काढली, आधी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात आणि आता येथे. रिक्षावाला, भाजीवाला, डॉक्टर, सर्वांशी हिंदी बोलते. पण तुझा आवाज कानावर पडला की माझ्या तोंडून शुद्ध मराठीच निघते. त्याला इलाज नाही.

आज येथेच थांबते. तेजश्रीने दिवा लावला आहे. आणि पुढचे लिहिण्यापूर्वी मला थोडे शांत व्हायचे आहे.


बुधवार, त्रयोदशी

सकाळचे स्तोत्रपाठ झाले. काल जे लिहिले ते पुन्हा वाचले. त्यात थट्टा पुष्कळ आहे आणि खरे जे लिहायचे ते आलेले नाही. आता लिहिते.

रविवारी फाटकावरून मी घरी आले तेव्हा मला वाटत होते की उलगडा झाला. तू आलीस, चुकीच्या दारी गेलीस, तेथे कोणी ओळखले नाही, परत गेलीस. तू मला फोन का केला नाहीस, माझा का उचलला नाहीस, हे मात्र मला समजत नव्हते. दुपारी रेवती आली. मी तिला कौशल्याजींची गोष्ट रंगवून सांगितली. तिचा घास हातातच राहिला.

"मोठी आजी," ती म्हणाली, "गार्डने आजीला काय सांगितलं, माहितीये तुम्हाला?"

"काय?"

"आजीने मला शपथ घातलीये."

"शपथ माझ्यावर सोड. मी पाहते."

तेव्हा तिने सांगितले. संग्रामने इंटरकॉम ठेवला आणि तुला म्हणाला, "मैडम बोल रही हैं, उनकी कोई बहन नहीं है."

कुमू, हे वाक्य तू माघापासून मार्गशीर्षापर्यंत उराशी घेऊन हिंडलीस. माझे म्हणून.

मी ते म्हटलेले नाही. मी ते कधी म्हटले नाही, मनातही नाही, रागातही नाही. ज्याच्यासमोर रोज दिवा लावते त्याला साक्षी ठेवून लिहिते, आणि मी त्याला साक्षीला सहसा बोलावत नाही, हे तू जाणतेस.

त्या दिवशी मी काय करत होते तेही ऐक. सकाळी सांज्याच्या पोळ्या केल्या, तुला आवडतात तशा, कडेपर्यंत सारण भरून. तेजश्री म्हणाली, "आई, मी लाटते." मी लाटू दिले नाही. नवी चादर घातली. मग गॅलरीत खुर्ची घेऊन बसले. आमच्या गॅलरीतून फाटक दिसत नाही, मंदिर दिसते. तू आलीस, उभी राहिलीस आणि गेलीस, तेव्हा मी तुझ्याकडे पाठ करून बसले असेन आणि देवाला म्हणत असेन की तिला सुखरूप आण. तिन्हीसांजेला फोन केला, तू उचलला नाहीस. दुसऱ्या दिवशी केला, नाही. तिसऱ्या दिवशी मी ठरवले की कुमूचे मन फिरले. गुलाबरावांची गोष्ट तिच्या मनातून गेलेली नाही आणि जाणार नाही. मग मीही फोन केला नाही. पोळ्या नीरजने डब्यात नेल्या.

म्हणजे पाहा, तुला दारातून परत पाठवले गेले आणि मला दारात बसवून ठेवले गेले, आणि दोघींनाही वाटले की दुसरीने केले. हे दोन टॉवर एकमेकांसमोर उभे आहेत. मधे एक कारंजे आहे, जे कधी चालत नाही.

गुलाबरावांचे नाव आलेच आहे, तर तेही टाळत नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे तू त्यांचा देह वैद्यकीय महाविद्यालयाला दिलास आणि दहावे-तेरावे काही केले नाहीस. मी फोनवर म्हटले, "कुमू, उत्तरक्रिया राहिली." तू म्हणालीस, "अक्का, तुझ्या शास्त्रात माझा नवरा कोंबू नकोस. तुझ्या त्या दधीचीने अस्थी दिल्या तेव्हा त्याचे तेरावे कोणी घातले होते?" मला उत्तर सुचले नाही. सुचले असते तर तू फोन ठेवला नसतास, आणखी अर्धा तास भांडलो असतो आणि नंतर जेवणाचे विचारले असते.

माझे मत मी बदललेले नाही. विधी हा जाणाऱ्यासाठी असतो त्याहून मागे राहणाऱ्यासाठी असतो, आणि तू मागे एकटी राहिली होतीस, म्हणून मी बोलले. तुझे मत बदलावे अशी माझी अपेक्षाही नाही. पण या संख्येच्या दोन नावांचा विचार करता करता एक गोष्ट मला दिसली. तू गुलाबरावांसाठी जे केलेस ते मोजत होतीस: त्यांचा शब्द पाळला, शेवटपर्यंत उशाशी बसलीस, विद्यार्थ्यांच्या कामी त्यांचा देह आला. मी वर नजर लावून एक उणे मोजत होते. तुझे नवाशीति आणि माझे एकोननवति. मोजत होतो ते एकच, त्या सज्जनावरची आपली माया. हे मला दोन वर्षांपूर्वी सुचायला हवे होते असे म्हणत नाही. प्रत्येक गोष्ट आपल्या मुहूर्ताने सुचते.

आता शेवटचे गणित, आणि मग पत्र पुरे करते. हे रेवतीने दाखवले तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

कोणतीही संख्या घ्यावी, तिच्या प्रत्येक अंकाचा वर्ग करून बेरीज करावी, आलेल्या संख्येचे पुन्हा तसेच करावे. असे करत गेले की दोनच गती आहेत. काही संख्या एकावर पोचतात आणि तेथे स्थिर होतात, कारण एकाचा वर्ग एकच. बाकीच्या सगळ्या एका फेऱ्यात सापडतात आणि कायम फिरतात. शंभरापर्यंतच्या वीसच संख्या एकाला पोचतात, उरलेल्या ऐंशी फेऱ्यात. आणि तो फेरा कोणता? एकोणनव्वदचा! एकोणनव्वदवरून एकशे पंचेचाळीस, मग बेचाळीस, वीस, चार, सोळा, सदतीस, अठ्ठावन्न, आणि पुन्हा एकोणनव्वद. मी कागदावर तो सगळा फेरा पुन्हा एकदा करून पाहिला. मोक्ष आणि संसार, दोन्ही मार्ग चौथीच्या वर्गबेरजेत!

मग रेवती म्हणाली, "आता एकोणऐंशी करून बघा, मोठी आजी." केले. साताचा वर्ग एकोणपन्नास, नवाचा एक्क्याऐंशी, एकशे तीस. मग एक आणि नऊ, दहा. मग एक. तीन पावलांत मुक्काम! कौशल्याजींचे घर थेट एकावर पोचते, आणि माझे घर जन्ममरणाच्या फेऱ्याचे उगमस्थान.

साठ वर्षे मी अद्वैत वाचले आणि शिकवले. त्या एकाचे वर्णन करताना माझा आवाज भरून येतो, विद्यार्थिनी सांगतात. असे असता मला त्या कागदाकडे पाहून खेद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट वाटले, बरे झाले. एकावर पोचल्यावर दुसरे काही उरत नाही, तोच त्याचा महिमा. मग तेथे फाटकावरून फोन आला की तुमची बहीण आली आहे, तर तेथून खरेच उत्तर जाणार की येथे बहीण नाही. कौशल्याजी खोटे बोलल्या नाहीत, बिचाऱ्या. आणि श्रुतीच तर सांगते की आरंभी जो एकटा होता त्यालाही करमले नाही, त्यालाही दुसऱ्याची इच्छा झाली. तेव्हा मला आणखी काही काळ या फेऱ्यात राहायचे आहे, जेथे माणूस चारावरून सोळावर, सोळावरून सदतीसवर असा वणवण फिरतो आणि पुन्हा आपल्या माणसाच्या घरी येऊन ठेपतो. मोक्षाची मला घाई नाही. त्याला मी सांगितले आहे, आणि तो समजूतदार आहे.

तू मात्र हे वाचून म्हणशील, "अक्का, सगळे खरे, पण मी आता येणार नाही. माझे पाऊल त्या फाटकातून पुन्हा पडणार नाही." तुला मी ओळखते. म्हणून तुला ये असे म्हणतच नाही.

मी येते आहे.

उद्या गुरुवार, दत्तजयंती. सकाळचा पाठ आटोपून निघेन, अकराच्या सुमारास करोल बागेत असेन. नीरज म्हणाला, गाडी करून देतो. मी म्हटले, मेट्रो सरळ जाते, ज्येष्ठांना बसायला जागा देतात, आणि कोणी न दिली तर मी मागून घेते. रेवती सांगते की तिची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. चढेन. दार उघडायचे की नाही ते तू ठरव. नाही उघडलेस तर मी जिन्यावर बसेन आणि मोठ्याने स्तोत्रे म्हणू लागेन. माझा आवाज अजून वरच्या पट्टीत लागतो, आणि त्या इमारतीत प्रत्येक खोलीत परीक्षेचा अभ्यास चालू आहे, असे ऐकते. तुझ्या नातीचे त्या मुलांसमोर काय होईल, याचा विचार कर.

शनिवारचे तिकीट रद्द कर असे मी सांगणार नाही. पण गुरुवार आणि शुक्रवार आपले आहेत. भांडायचे असेल तर भांडू. दधीचीवर मी उत्तर शोधून ठेवले आहे, ते बरोबर आणते.

आज संध्याकाळी रेवती हे पत्र न्यायला येईल. शपथ मोडल्याबद्दल तिला बोलू नकोस. शपथेचा भार मी घेतला आहे, आणि माझ्याकडे त्यासाठी पुरेसा जप शिल्लक आहे.

हे पत्र तू वाचशील, तुझ्या खांद्यावरून रेवती वाचेल, आणि पुढे आणखी कोणाच्या हाती पडले तर तोही वाचेल. या ओळींवरून ज्यांची ज्यांची दृष्टी फिरेल, त्या सर्वांचे परमेश्वर कल्याण करो. त्यांच्या घरी येणारा पाहुणा वाट न चुको, त्यांचा शब्द दुसऱ्याच्या तोंडी जाऊन विपरीत न होवो, आणि ज्यांच्यावाचून करमत नाही अशी माणसे त्यांना शेवटपर्यंत लाभोत.

तुझी बहीण,
कुसुमावती